फळीवरचं सातवं नाव

त्या मंगळवारी सकाळी माझी बायको वारली. मी तेव्हा कॉफी आणायला खाली गेलो होतो. परत आलो तेव्हा नर्स दारात उभी होती. तिने माझ्या हातातला कप घेतला आणि आत जायला सांगितलं. मी आत गेलो. दुपारी मुलगी मेनूथच्या कॉलेजातून आली. संध्याकाळी आम्ही दोघं घरी गेलो.

तो फेब्रुवारी होता. आजार आठ महिने चालला. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. मला लिहायचं आहे ते त्याच वर्षीच्या जूनमधल्या दोन दिवसांबद्दल, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आम्ही आयर्लंडमध्ये, पोर्टलीश गावाच्या बाहेर राहतो. मुलगी चार वर्षांची असताना बायकोच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इथे आलो. ती डब्लिनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायची. मी तिच्यावर अवलंबून असलेला नवरा म्हणून आलो. माझ्या कागदांवर तसं लिहिलेलंच होतं. मी मुद्रितशोधक आहे. पुण्यातले दोन प्रकाशक अजूनही मला प्रुफं पाठवतात आणि मी इथे बसून लोकांच्या वेलांट्या आणि उकार सुधारतो. या कामाला घराबाहेर पडावं लागत नाही, आणि मला बाहेर पडायची फार हौसही नाही.

तिला होती. कोविडच्या दुसऱ्या वर्षी तिने एक जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, विकत घेतली. चार जणांना झोपता येईल एवढी, खिडक्यांच्या कडांना शेवाळ धरलेली. मी दारात उभा राहून बघत होतो.

"हिचं काय करायचं?" मी विचारलं.

"तुला घर सोडवत नाही ना," ती म्हणाली, "मग घर सोडूच नकोस. घेऊन चल."

मला गाडी चालवता येते, पण मागे काही जोडलेलं असलं की नाही. कॅरॅव्हॅन जोडून गाडी मागे घेताना सगळं उलटं होतं. ती डावीकडे वळवायची तर चाक उजवीकडे फिरवावं लागतं, आणि जास्त फिरलं तर दोन्ही गाड्या कोपरासारख्या दुमडतात. बायको रविवारी सकाळी सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन हे शिकली. माझं काम एवढंच, की मागे, तिच्या आरशात दिसेन असं उभं राहायचं आणि सांगत राहायचं.

कॅरॅव्हॅनवाल्यांचा एक क्लब होता. पंचवीस-तीस कुटुंबं, बहुतेक निवृत्त, मलिंगारपासून आमच्या बाजूपर्यंत पसरलेली. जूनच्या पहिल्या लाँग वीकेंडला त्यांचा मेळावा भरायचा. जागा म्हणजे एका जुन्या टर्फच्या कारखान्याचं अंगण. तिथे पूर्वी बॉगमधून, म्हणजे दलदलीच्या माळावरून, जळणासाठी माती कापून काढत. आता ते बंद झालं आहे. चहूकडे काळीकरडी सपाट जमीन, मध्येच साचलेलं पाणी, गंजलेले अरुंद रूळ आणि लांबवर पवनचक्क्या. झाड नाही. क्लबमधली मंडळी या जागेला 'आउटबॅक' म्हणायची. ते नाव एका म्हाताऱ्या गृहस्थाने ठेवलं होतं. त्याचा भाऊ ऑस्ट्रेलियात, तिथल्या ओसाड आउटबॅकमध्ये होता आणि हा स्वतः चाळीस वर्षं त्या कारखान्यात कामाला होता. तो कायम टोपी घालायचा. आमच्या घरात त्याचं नाव टोपीवाले असंच पडलं.

पहिल्या वर्षी आम्ही पोचलो तेव्हा सगळे आपापल्या खुर्च्या टाकून बसले होते. नवीन माणूस कॅरॅव्हॅन मागे कशी घेतो हे बघणं हा त्यांचा करमणुकीचा भाग असतो, हे आम्हाला नंतर कळलं. बायको गाडीत, मी मागे. पुण्यात गल्लीत टेम्पो मागे घेताना पोरं ज्या सुरात ओरडतात त्याच सुरात मी ओरडायला लागलो, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... येऊ दे... बस."

तिने एका दमात ती बरोबर जागेवर लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली उतरली तेव्हा टोपीवाले पुढे आले, हात पुढे केला आणि म्हणाले, "वेलकम, येऊदे."

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. मग ती म्हणाली, "थँक यू."

क्लबच्या सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त शाळामास्तरीण. त्यांनी चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन विचारलं, "येऊदे हे नाव कळलं. पण तुम्ही शेवटी 'बस' म्हणालात ते आडनाव का?"

"मी तर वळून बघत होतो," टोपीवाले म्हणाले, "म्हटलं इथे बस कुठून आली. गेल्या वीस वर्षांत आलेली नाही."

कॅरॅव्हॅनमध्ये शिरल्यावर बायको तोंडावर उशी घेऊन हसत होती. मी म्हटलं, उद्या सांगून टाकू तुझं खरं नाव.

"कशाला?" ती म्हणाली. "ऑफिसात त्यांनी माझ्या नावाची शेपटी कापली. तुझ्या आईने तर लग्नात ते बदललंच. हे निदान कुणी मुद्दाम दिलेलं नाही."

तसं ते राहिलं. तीन मेळावे ती येऊदे होती. क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊदे होती, नाताळच्या कार्डावर येऊदे होती. कुणी हाक मारली की ती वळून बघायची. मुलगी पहिल्या वर्षी आमच्याबरोबर होती. तिला हे फार मजेशीर वाटलं. पुढे ती कॉलेजात गेली आणि मेळाव्याला यायची बंद झाली.

इथे माणूस गेलं की त्याची सूचना स्थानिक रेडिओवर वाचतात आणि इंटरनेटवर येते. गावोगावची माणसं ती रोज सकाळी चहाबरोबर वाचतात आणि ज्याला फक्त एकदा भेटले त्याच्याही अंत्यविधीला जातात. न जाणं हा अपमान समजतात, स्वतःचा आणि गेलेल्याचा. आमच्याही वेळी सूचना आली. अंत्यविधी करणाऱ्या कंपनीच्या माणसाने पासपोर्ट मागितला आणि त्यावरचं नाव उतरवून घेतलं. गुरुवारी डब्लिनला दहन झालं. तिच्या ऑफिसातली काही माणसं आली, मराठी मंडळातली आली. क्लबमधलं कुणी आलं नाही. मी इकडेतिकडे बघत होतो. मग मनात म्हटलं, आपले विधी, आपली माणसं, त्यांना अवघडल्यासारखं वाटलं असेल.

तीन आठवड्यांनी टोपीवाल्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मोठा. "येऊदेला सांग, तिच्या जागेवर मी खडी टाकून घेतलीय. गेल्या वर्षी चाक रुतलं होतं ना तिचं."

मी सांगितलं.

त्यांचा आवाज एकदम खाली आला. मग म्हणाले, "पण मी रोज वाचतो. एक दिवस चुकवत नाही. नव्हतं आलेलं."

आलं होतं. त्यांनी ते वाचलंही असणार आणि पुढच्या नावाकडे वळले असणार. मला त्या क्षणी ते म्हणवेना.

"नाही," मी म्हटलं. "आम्ही फारसं कुणाला कळवलं नाही."

"तुमच्याकडे तशी पद्धत असेल," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

मे महिन्यात सेक्रेटरीबाईंचा फोन आला. क्लबची एक लाकडी फळी होती. जे सभासद गेले त्यांची नावं त्या फळीवर रंगवलेली असायची. मेळाव्याच्या रविवारी ती बाहेर मांडत, नावं वाचत आणि थोडा वेळ गप्प उभं राहत. सहा नावं झाली होती. सातवं नाव टोपीवाले शनिवारी लिहिणार होते. मी आलो तर बरं होईल, कॅरॅव्हॅनही टोपीवालेच त्यांच्या जीपने ओढून आणतील, असं त्या म्हणाल्या. "फळीची काही काळजी करू नका. नाव तर आम्हाला ठाऊकच आहे."

मी "हो" म्हटलं. फोन ठेवल्यावर कळलं, की आता फळीवर काय लिहिलं जाणार आहे ते मला माहीत आहे आणि ते लिहिलं की राहणार आहे. छापायला जाण्याआधीच्या शेवटच्या प्रुफात चूक दिसली की मी प्रकाशकाला ताबडतोब फोन करतो. इथे दोन आठवडे हातात होते. मी फोन केला नाही. रोज सकाळी उद्या करू म्हणत राहिलो.

शनिवारी पाऊस नव्हता, पण हवेत पाणी होतं. टोपीवाले वाटेत हवामानाबद्दल बोलले, रस्त्याच्या कामाबद्दल बोलले, रेडिओवर काहीतरी बोलणाऱ्या एका मंत्र्याला नावं ठेवली. तिच्याबद्दल काही बोलले नाहीत. अंगणात पोचल्यावर मी उतरलो आणि सवयीने मागे जाऊन उभा राहिलो. जीप मागे यायला लागली. कॅरॅव्हॅनचं मागचं टोक उजवीकडे झुकत होतं. तिथे एक जुना सिमेंटचा ठोकळा होता.

"येऊ दे," मी ओरडलो. "येऊ दे... येऊ दे..."

तिसऱ्या वेळेनंतर मला जाणवलं की अंगणात कुणीच बोलत नाहीये. खुर्च्यांवर बसलेली माणसं उभी राहिली होती. एका बाईने तोंडावर हात धरला होता. जीप थांबली, टोपीवाले खाली उतरले आणि त्यांनी टोपी काढली. मी त्यांना टोपीशिवाय कधी बघितलं नव्हतं. सेक्रेटरीबाई चिखलातून माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांनी माझा दंड धरला.

"ती नाहीये हो इथे," त्या हळूच म्हणाल्या. "चला. आत चला. चहा घ्या."

मी गेलो. त्यांनी मला तंबूत बसवलं आणि चहात न विचारता तीन चमचे साखर घातली. बाहेर कॅरॅव्हॅन तिरकीच उभी होती.

तासाभराने मुलगी आली. मैत्रिणीच्या गाडीतून आली होती. मैत्रीण तिला सोडून गेली. मुलीने मला मिठी मारली आणि मग माझ्या खांद्यावरून तिला फळी दिसली. तंबूच्या कोपऱ्यात दोन खुर्च्यांवर आडवी ठेवलेली, रंग ओला. सहा नावं जुनी आणि सातवं ताजं, रोमन अक्षरांत, 'वाय'ने सुरू होणारं. ती जवळ गेली, वाचलं आणि परत आली.

"बाबा, बाहेर ये."

ती कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन बसली, मी समोर बसलो. जमीन थोडी उतरती होती, त्यामुळे आम्ही दोघंही एका बाजूला कललो होतो. ती माझ्याशी इंग्रजीत बोलते, इथल्या हेलात; मी मराठीत. आमचं तसंच ठरून गेलं आहे.

"ते तिचं नाव नाहीये," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"ते रिव्हर्स आहे. त्यांनी फळीवर आईच्या जागी 'रिव्हर्स' लिहिलंय."

"अगदी रिव्हर्स नाही. त्याचा अर्थ..."

"बाबा. सीरियसली?"

मी बाकावरची घसरलेली उशी सरळ केली.

"लोकांच्या पुस्तकात एक वेलांटी चुकली तर तू मेल पाठवतोस. आणि इथे तू चहा पितोयस."

"तिला चालायचं ते. तिनेच सांगितलं होतं, राहू दे म्हणून."

"ती होती तेव्हा चालत होतं," मुलगी म्हणाली. "तेव्हा ती होती ना."

मी खिडकीबाहेर बघत होतो. बॉगवर पांढऱ्या बोंडांचं गवत उगवतं, कापसासारखं. वाऱ्याने ते एका बाजूला झोपलं होतं. मी म्हटलं, ही माणसं तिला त्याच नावाने ओळखतात. त्यांच्या दृष्टीने तेच तिचं नाव.

"आणि तुझ्या दृष्टीने?" ती म्हणाली. "तू तिला काय म्हणायचास? मला आठवतच नाही तू कधी तिचं नाव घेतलेलं."

"अगं म्हणायचो."

"ते नाव नाही."

"नाही."

"मग तू पण यांच्यासारखाच," ती म्हणाली. हे तिने रागाने म्हटलं नाही.

ती खरं बोलत होती. आमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरले होते आणि मी अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहिलं होतं. ते नाव माझ्या आईने निवडलं होतं. बायकोने ते एकाही कागदावर घेतलं नाही, पण आई असेपर्यंत तिला त्याच नावाने बोलवत राहिली आणि ती ओ देत राहिली. ऑफिसात तिचं अर्धं नाव चालायचं. नागपूरला तिची आई तिला लहानपणीच्या नावाने हाक मारायची. आणि मी 'अगं', 'ऐकलंस का', 'कुठे आहेस'. पासपोर्टवरचं नाव, जे तिच्या वडिलांनी ठेवलं होतं आणि जे ती स्वतःचं समजायची, ते मी हॉस्पिटलच्या काउंटरवर आठ महिन्यांत जितक्या वेळा उच्चारलं तितकं बावीस वर्षांच्या संसारात उच्चारलं नव्हतं. 'पेशंटचं नाव?' असं विचारायचे आणि मी सांगायचो, मग स्पेलिंग सांगायचो.

मी उठलो आणि तंबूत गेलो. टोपीवाले एका डब्यात ब्रश धूत होते.

"तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हटलं. "फळीवरचं नाव चुकलंय."

त्यांनी फळीकडे बघितलं. "स्पेलिंग?"

"नाव."

मी सगळं सांगितलं. इंग्रजीत हे सांगायला फार वाक्यं लागत नाहीत. येऊ दे म्हणजे येऊ दे, मागे घे. बस म्हणजे थांब. ते ब्रश हातात धरून ऐकत होते.

"मग ती तीन वर्षं ओ का देत होती?"

"तिला गंमत वाटली. नंतर आवडलं."

"आणि तू पण काही बोलला नाहीस."

"नाही."

"मला वाटलं तुमच्याकडे नवरे बायकोला अशीच हाक मारतात, चारदा," ते म्हणाले. मग थांबले. "म्हणजे मघाशी बाहेर..."

"मी तुम्हाला जीप मागे घ्यायला सांगत होतो."

"आणि मी टोपी काढली."

त्यांचे खांदे हलायला लागले. मलाही हसू आलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच आलं असावं. ते फार वेळ टिकलं नाही. त्यांनी ब्रश पुसला, खिशातून एक पाकीट काढलं, त्याची कोरी बाजू माझ्यासमोर धरली आणि पेन दिलं. "नीट मोठ्या अक्षरांत लिही."

मी लिहिलं. पासपोर्टवर आहे तसं, पहिलं नाव आणि आडनाव. त्यांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते खुर्चीवर बसले.

"हे मी वाचलंय," ते म्हणाले.

मी पेनाचं टोपण लावलं.

"मोठ्याने वाचलं होतं, स्वयंपाकघरात. मी एकटा असलो तरी मोठ्याने वाचतो. म्हटलं, हॉस्पिटलमधली कुणी नर्स असेल, बिचारी, इतक्या लांबून आलेली. आणि मग चहा ओतला." त्यांनी पाकीट गुडघ्यावर ठेवलं. "तू म्हणालास की कळवलं नाही."

"मी खोटं बोललो."

"गुरुवारी होतं ना? गुरुवारी मी घरीच होतो. आम्ही सगळे आलो असतो. बस करून आलो असतो."

"माहीत आहे."

"तुझ्याबरोबर किती माणसं होती?"

"होती वीसेक."

ते मान हलवत राहिले. इथल्या माणसाला याहून वाईट काही सांगता येत नाही, हे मला तेव्हा कळत होतं. चूक त्यांची नव्हती. पहिल्या दिवशी मी एक वाक्य बोललो असतो तर फेब्रुवारीत दहनाच्या त्या हॉलमध्ये मागच्या रांगा रिकाम्या राहिल्या नसत्या. तिला त्याने काही फरक पडला नसता. मुलीला पडला असता. ती सारखी मागे वळून दाराकडे बघत होती, ते मी पाहिलं होतं.

त्यांनी टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली आणि ओलं नाव पुसून काढलं. मग पेन्सिलीने रेघ आखून नवं लिहायला बसले. नाव लांब होतं, त्यामुळे अक्षरं वरच्या सहा नावांपेक्षा बारीक आली. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. प्रत्येक अक्षर झालं की ते तिच्याकडे बघायचे, ती मान हलवायची, मग ते पुढचं घ्यायचे. मी बाहेर जाऊन कॅरॅव्हॅनचे कोपऱ्यांतले आधाराचे पाय जमिनीवर टेकवले. तिरकी ती तिरकीच राहिली.

रविवारी सकाळी भुरभुर होती. फळी एका जुन्या लोखंडी गाड्यावर ठेवली होती, वरून कुणीतरी छत्री धरली होती. पन्नासेक माणसं होती. सेक्रेटरीबाई एकेक नाव वाचत होत्या. प्रत्येक नावाला गर्दीतून काहीतरी उत्तर यायचं. कुणी छातीवर क्रॉसची खूण करायचं, कुणी नाक ओढायचं, एका नावाला तर दोघंतिघं हसलीसुद्धा, त्या माणसाच्या काहीतरी आठवणीने. मग त्यांनी सातवं वाचलं. जपून वाचलं, पण जोर चुकीच्या अक्षरावर पडला.

काहीच झालं नाही. माणसं उभी होती. पाऊस छत्र्यांवर वाजत होता. माझ्या मागे एका बाईने शेजारणीला विचारलं, "हे कोण?"

"कुणी नवीन असेल," शेजारीण म्हणाली.

सेक्रेटरीबाईंनी कागदावरून डोळे वर केले आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, नाही म्हणूनही नाही आणि हो म्हणूनही नाही. त्यांनी कागद खाली घेतला. मग म्हणाल्या, "येऊदे."

तेव्हा गर्दीतून एक आवाज आला. शब्द नव्हता तो. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला असावा. मागच्या बाईने "अरे देवा, ती" असं म्हटलं आणि ती रडायला लागली. पुढची माणसं वळून आमच्याकडे बघू लागली. टोपीवाल्यांनी गाड्याजवळून पासपोर्टवरचं नाव पुन्हा एकदा मोठ्याने घेतलं. या वेळी जोर जवळजवळ बरोबर पडला. त्यांनी घोकलं असणार. त्यांच्यामागून कुणी ते म्हटलं नाही.

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिने कोटाच्या खिशात हात घातले होते आणि ती बुटांकडे बघत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती बाजूला झाली नाही आणि जवळही आली नाही.

मग रांग लागली. इथे दुःखात असलेल्या माणसाशी रांगेने हात मिळवतात आणि "सॉरी फॉर युवर ट्रबल" एवढंच म्हणतात. पण ही माणसं फेब्रुवारीत आली नव्हती, त्यामुळे त्यांच्याकडे बोलायचं साठलेलं होतं. एक आजी म्हणाल्या, येऊदेने मला साठाव्या वर्षी रिव्हर्स शिकवला, नवऱ्याला न सांगता. एकजण म्हणाला, येऊदे रोज सकाळी त्या रुळांवरून शेवटपर्यंत चालत जायची आणि परत यायची, मी कुत्र्याला घेऊन जायचो तेव्हा भेटायची. मला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा झोपलेला असायचो किंवा प्रुफं वाचत असायचो. कुणी म्हणालं, येऊदे एकदा इथे बसून रडत होती, पण विचारायला नको वाटलं. कधी, मी विचारलं. त्याला नीट आठवेना. मागच्या वर्षी असेल, किंवा त्याच्या आधीच्या.

मुलगी सगळं ऐकत होती. प्रत्येकाने येऊदेच म्हटलं. तिने एकालाही दुरुस्त केलं नाही.

दुपारी टोपीवाल्यांनी कॅरॅव्हॅन जोडली. पुढेच जायचं होतं, मागे काही घ्यायचं नव्हतं. आमच्या दारात कॅरॅव्हॅन सोडून ते जायला निघाले तेव्हा मुलगी त्यांना म्हणाली, "थँक यू." ते म्हणाले, "मला आधी विचारायला हवं होतं." ती म्हणाली, "कुणीतरी सांगायला हवं होतं." माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

संध्याकाळी ती मेनूथला परत गेली.

फळी आता सेक्रेटरीबाईंच्या गॅरेजमध्ये असते. तिच्यावर सात नावं आहेत. सातवं माझ्या बायकोचं आहे आणि त्याचं स्पेलिंग बरोबर आहे. क्लबमधली माणसं फोन करतात तेव्हा तिला येऊदेच म्हणतात, आणि मी त्यांना दुरुस्त करत नाही.